१४. पाटील

मूळ मजकुरात लेखक एकाच परिच्छेदात ‘पाटील’ हा शब्द गावाच्या अधिकाऱ्यासाठीही वापरतो आणि आडनाव म्हणूनही, त्यामुळे थोडा खुलासा हवा. जुन्या ताम्रपटांत ‘पट्टकील’ नावाचा ग्रामाधिकारी भेटतो. पाटील हा त्याचाच वंशज. सारा वसूल करणे, तंटे मिटवणे, गावाच्या वतीने सरकारदरबारी उभे राहणे ही त्याची कामे. हिशेब कुलकर्ण्याकडे. इंग्लंडातल्या ‘रीव्ह’ या आडनावाचा उगम असाच आहे: रीव्ह म्हणजे जमीनदाराच्या वतीने शेतीवर देखरेख ठेवणारा कारभारी. तिकडे नॉर्मन विजयानंतरच्या, म्हणजे १०६६ नंतरच्या दोन-तीन शतकांत असे हुद्दे पिढीजात आडनावे झाले. आपल्याकडे हुद्दाच वतनी होता, त्यामुळे तो साऱ्या भाऊबंदांना चिकटला. कारभार एकाकडे, नाव सगळ्यांचे. म्हणून आज अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यातल्या आगरी घरांत, किंवा आनंदनगरच्या औद्योगिक वसाहतीतल्या कामगारांत, पाटील भेटले की त्यांच्या थेट पूर्वजाने पाटीलकी केली असे समजू नये. याच भागातले ‘म्हात्रे’ हे आडनावही ‘महत्तर’ या ग्रामप्रमुखाच्या पदाशी जोडले जाते.

मुलकी पाटलाचे पद १९६२च्या कायद्याने संपले. पोलीस पाटील मात्र १९६७च्या ग्रामपोलीस कायद्यान्वये अजून नेमला जातो, आणि त्याचे आडनाव पाटील असावे लागत नाही. प्रस्तुत उताऱ्यातला पाटील मुलकी आहे. — संपादक