एका औषधात दोन कामं

घरात कुणाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल तर तो थेंबांचा कार्यक्रम आठवत असेल. नर्स थोड्या थोड्या वेळाने येऊन डोळ्यात थेंब टाकते आणि "मिटून ठेवा हं आजी" म्हणून निघून जाते. हे थेंब बाहुली मोठी करण्यासाठी. मोतीबिंदू म्हणजे गढूळ झालेलं भिंग, आणि ते बसलेलं असतं बाहुलीच्या मागे. दारच अरुंद असलं तर सामान बाहेर काढणार कसं? डोळा बधिर करायचं औषध आणखी वेगळं.

गंमत म्हणजे सुरुवातीला ही दोन्ही कामं एकच औषध करायचं. चक्क कोकेन!

साल १८८४, व्हिएन्ना. ईथर आणि क्लोरोफॉर्म तेव्हा होते, पण शुद्धीवर येताना रुग्णाला उलट्या व्हायच्या, आणि डोळ्याची जखम शिवायला धड बारीक टाकेही नव्हते. एका उलटीत सगळं मुसळ केरात. २६ वर्षांचा कार्ल कोलर यावर उपाय शोधत होता. त्याचा मित्र सिग्मंड फ्रॉईड (हो, तोच!) कोकेनवर लेख लिहून वाग्दत्त वधूला भेटायला गेला होता. कोकेनने जीभ बधिर होते, मग डोळा का नाही? कोलरने आधी बेडकाच्या डोळ्यात थेंब टाकले, शेवटी स्वतःच्या. मग टाचणीचं डोकं डोळ्याला लावून पाहिलं. काहीच जाणवलं नाही! वर बाहुलीही मोठी झाली.

१५ सप्टेंबरला हायडेलबर्गच्या परिषदेत हा शोध जाहीर झाला. जायला कोलरकडे पैसे नव्हते, त्याचा निबंध दुसऱ्याच डॉक्टरने वाचला. पुढे ज्यू म्हणून झालेल्या अपमानावरून त्याने द्वंद्वयुद्ध केलं, जिंकलंही. पण व्हिएन्नात त्याला हवी ती जागा मिळाली नाही, आणि १८८८ मध्ये तो न्यूयॉर्कला गेला.

कोकेनने कॉर्निया धुरकट व्हायचा, व्यसनाचा धोका वेगळाच. त्यामुळे कामं पुन्हा वाटली गेली. बधिर करायला १९०५ नंतर प्रोकेन, मग लिडोकेन. बाहुलीसाठी दुसरे थेंब.

ती परत एकत्र आली २०१५ मध्ये. युरोपात मान्यता मिळालेल्या एका इंजेक्शनमध्ये तीन औषधं आहेत. फेनिलेफ्रिन बाहुली उघडणारा स्नायू ताणतं, ट्रॉपिकामाइड मिटवणारा स्नायू सैल सोडतं, लिडोकेन बधिर करतं. बधिर करणारे थोडे थेंब आधी टाकावे लागतातच. मग छोट्याशा छेदातून फक्त ०.२ मिलिलिटर थेट डोळ्याच्या आत, आणि अर्ध्याएक मिनिटात बाहुली मोठी. मात्र तपासणीच्या वेळी थेंबांनी ज्यांची बाहुली नीट उघडली होती, त्यांनाच ते द्यायचं असतं.

म्हणजे कोलरच्या एका थेंबातली दोन कामं सुरक्षितपणे एकत्र यायला १३१ वर्षं लागली. असो. पुढच्या वेळी आजीच्या डोळ्यात थेंब पडताना त्या बिनपैशाच्या पोराची आठवण काढा.