मॉर्टायझिंग यंत्र (हाताने चालणारे)

लाकडात कुसू बसवण्यासाठी लागणारे चौकोनी, खोल भोक पटाशीच्या उभ्या घावांनी पाडणारे यंत्र. दार-खिडक्यांच्या चौकटी आणि टेबल-खुर्च्यांचे पाय पिढ्यान्‌पिढ्या टिकतात ते कुसवाच्या सांध्यावर. हे भोक मोगरी आणि किकऱ्याने पाडताना पाते जरा कलले तरी कुसू तिरके बसते. यंत्रातले पाते खाचेतून सरकत असल्याने ते सरळच उतरते.

इंग्लंडमध्ये सॅम्युएल बेंथम यांच्या 1793च्या पेटंटात अशा यंत्राची कल्पना आढळते. मार्क ब्रुनेल यांनी आखलेली आणि हेन्री मॉड्‌स्ले यांनी घडवलेली यंत्रे पोर्ट्‌समथच्या गोदीत जहाजांच्या कप्प्यांसाठी लाकडात खाचा पाडत. 1808 साली तिथे सुमारे 1,30,000 कप्पे तयार झाले. ती मात्र वाफेवर चालत. छोट्या कारखान्यांना परवडणारी, हाताने किंवा पायाने चालणारी यंत्रे पुढे एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेत पसरली. अमेरिकेतील रॉकफर्डची डब्ल्यू. एफ. अँड जॉन बार्न्स ही कंपनी अशा पायट्याच्या यंत्रांसाठी प्रसिद्ध होती.

हातयंत्राला बिडाचा खांब, लांब दांडा, दांड्याबरोबर खालीवर होणारा दट्ट्या आणि त्यात बसवलेली पटाशी असते. खाली लाकूड आवळून धरणारे टेबल चाक फिरवून पुढेमागे सरकवता येते. पटाशीला एकाच बाजूने उतार असतो, म्हणून दट्ट्या अर्धा वळसा फिरवून अडकवण्याची सोय केलेली असते. साऱ्या यंत्रातली सर्वांत हुशार योजना हीच. सुरुवात भोकाच्या मध्यावर करायची, दर घावाला टेबल थोडे सरकवत आणि खोली वाढवत एका टोकाला जायचे, पाते उलटे फिरवायचे आणि दुसरे टोक गाठायचे. दोन्ही वेळा पात्याची सपाट पाठ भोकाच्या टोकाकडे राहते आणि भिंती उभ्या निघतात. ओकसारख्या कठीण लाकडात आधी गिरमिटाने भोक पाडून घेणे बरे. काही यंत्रांना त्यासाठी वेगळी जोडणीही असे.

वर येताना पाते लाकडाला आपल्याबरोबर उचलू पाहते, त्यामुळे वरची पकड ढिली ठेवून चालत नाही. आरपार भोक असेल तर निम्मे एका बाजूने, निम्मे दुसऱ्या बाजूने पाडायचे. मात्र लाकूड उलटताना खूण केलेला तोच दर्शनी भाग मागच्या आधारपट्टीला टेकला पाहिजे. मग पाते मध्यापासून किंचित हटलेले असले तरी दोन्ही निम्मी भोके एका रेषेत येतात, आत पायरी पडत नाही.

जुने यंत्र दुरुस्त करताना रंगापेक्षा दट्ट्याकडे आधी पाहावे. वरून चकचकीत आणि आतून डुगडुगणारे यंत्र कामाचे नाही. अडकलेले भाग हातोड्याने न ठोकता रॉकेल किंवा पातळ तेलात मुरू द्यावेत. बीड ठिसूळ असते, एका घावात कान तुटतो. तडा गेलेला भाग आधी सगळा तापवून पितळेने जोडावा आणि राखेत हळूहळू थंड होऊ द्यावा. सरकणाऱ्या पृष्ठभागांवरचा गंज बारीक पॉलिश कागदाने जेमतेम निघेल इतकाच काढावा, कारण तिथला धातू घासला की मोकळीक कायमची वाढते. जुन्या रंगात शिसे असू शकते. तो कोरडा खरवडू नये. शाबूत असेल तर मूळ रंग तसाच ठेवावा.

खरी अडचण पटाश्यांची. त्या यंत्रापासून वेगळ्या पडून हरवतात आणि एका कारखान्याच्या पटाशीचा निमुळता दांडा दुसऱ्याच्या दट्ट्यात बहुधा बसत नाही. नवी घडवून घ्यायची झाल्यास दट्ट्यातल्या भोकाचे माप दोन्ही टोकांना घ्यावे. हाती आलेल्या जुन्या पटाशीला धार लावताना उतार घासावा, पाठ सपाट ठेवावी; कडेच्या बाजू मात्र घासू नयेत, नाहीतर रुंदी घटते आणि ठरलेल्या मापाचे कुसू त्या भोकात शिरत नाही.