कोपरा मोडलेला ओप्वातेक

त्यात असतं फक्त पीठ आणि पाणी. मीठ नाही, साखर नाही, आंबवण तर नाहीच. कोरीव काम केलेल्या दोन लोखंडी पाट्यांमध्ये पातळ पीठ दाबून भाजलं की पोस्टकार्डाएवढा पांढराशुभ्र, कुरकुरीत पापुद्रा सुटून येतो. उजेडात तिरपा धरला तर गोठ्यातलं बाळ, मरिया, योसेफ आणि वर तारा असं उठावाचं चित्र दिसतं. हा पोलंडचा ओप्वातेक. २४ डिसेंबरच्या संध्याकाळी, म्हणजे त्यांच्या विगिल्येला, आकाशात पहिली चांदणी दिसली की जेवणाला हात लावण्याआधी घरातला प्रत्येक जण दुसऱ्याच्या ओप्वातेकचा तुकडा मोडून खातो, वर्षभरात झालंगेलं विसरायला सांगतो आणि त्याचं भलं चिंततो. मिस्सेतल्या ख्रिस्तप्रसादासारखा हा अभिमंत्रित नसतो. त्यामुळे तो द्यायला धर्मगुरू लागत नाही, आई पुरते. त्याचा पुढचा सगळा प्रवास मला या एका गोष्टीतून उलगडत जातो.

सुरुवात मात्र आयांच्या हातून झाली नाही. मध्ययुगात हे साचे मठांत आणि चर्चमध्ये असत. पुढे गावोगावी चर्चचा ऑर्गनवादक ओप्वातेक भाजू लागला. नाताळाआधीच्या आगमनकाळात तो घरोघर फिरून ते वाटायचा आणि बदल्यात धान्य, अंडी असं काहीबाही घेऊन जायचा. आपल्याकडच्या बलुत्यासारखाच हा व्यवहार. विगिल्येच्या टेबलावर तुकडे मोडण्याची रीत आधी सरदार-जमीनदारांच्या वाड्यांत रुळली आणि एकोणिसाव्या शतकात शेतकऱ्यांच्या घरी पोचली. तिथे तिला किती फांद्या फुटल्या! गुराढोरांसाठी रंगीत ओप्वातेक आले, कारण त्या मध्यरात्री जनावरं माणसासारखी बोलतात अशी समजूत. पापुद्र्याचे तुकडे जिभेने ओलावून, एकमेकांना चिकटवून त्यांचे नाजूक गोल केले जात आणि ते आढ्याला टांगले जात. कडू औषधाची पूड अशाच पापुद्र्यात गुंडाळून गिळत. पत्राचं तोंड बंद करायलाही तो वापरत.

मग तो पत्राच्या आत शिरला.

१७९५मध्ये पोलंडचे उरलेसुरले लचके रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियाने तोडले, त्यानंतर १९१८पर्यंत नकाशावर तो देशच नव्हता. जमिनीचे तुकडे पडत गेले, पोटं भरेनात, आणि माणसं जहाजांवर चढू लागली. १८५४मध्ये लिओपोल्ड मोचिगेम्बा या धर्मगुरूच्या बोलावण्यावरून सायलेशियातली शेतकरी कुटुंबं टेक्सासला पोचली. त्यांनी वसवलेलं पान्ना मारिया हे अमेरिकेतलं सर्वांत जुनं पोलिश गाव. तिथली पहिली मिस्सा झाली ती नेमकी त्या वर्षीच्या २४ डिसेंबरला, एका ओकच्या झाडाखाली. त्यानंतरच्या साठ वर्षांत शिकागोचे कत्तलखाने, पिट्सबर्गचे पोलाद कारखाने, बफेलो, डेट्रॉइट असा हा ओघ लाखोंचा झाला.

मागे राहिलेल्या कितीतरी आयांना लिहिता येत नव्हतं. पत्र शेजारचा कुणी साक्षर लिहून द्यायचा आणि सुरुवातीला देवाच्या स्तुतीचे ठरलेले शब्द यायचे. थॉमस आणि झ्नान्येत्स्की या समाजशास्त्रज्ञांनी १९१८ ते १९२० या काळात प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अशी शेकडो पत्रं छापली आहेत. पण नाताळच्या लिफाफ्यात ओप्वातेक जायचा तो घरच्यांच्याच हातून. पाठवण्याआधी त्याचा एक कोपरा मोडून घेत. अर्थ असा, की माझा वाटा मी घेतला आहे, आता तू तुझा घे. ज्या आईला सहीसुद्धा करता येत नव्हती, तिच्यासाठी तो मोडलेला कोपराच सहीच्या जागी होता, असं मी मानतो. उलट दिशेची पत्रं मात्र नेहमी पोचली नाहीत. लोकांनी देश सोडू नये म्हणून १८९०-९१मध्ये रशियन सेन्सॉरने अमेरिका आणि ब्राझीलहून आलेली पत्रं अडवून ठेवली. त्यांतली काही इतिहासकार विटोल्ड कुला यांनी १९७३मध्ये प्रसिद्ध केली. तोवर ज्यांच्या नावाने ती लिहिली होती, ती माणसं कधीच गेली होती.

पुढे दुसऱ्या महायुद्धात, १९४०च्या फेब्रुवारीपासून, सोव्हिएत सत्तेने आपल्या ताब्यातल्या पूर्व पोलंडमधली कुटुंबं मालगाड्यांत कोंबून सायबेरियाकडे नेली. तिथे ओप्वातेक कुठला? तिथून वाचलेल्यांच्या आठवणींत रेशनच्या काळ्या पावाचा तुकडा मोडून केलेली विगिल्या येते. त्यांच्यापैकीच सुमारे पाच हजार जण, बहुतेक बायका आणि मुलं, इराणमार्गे कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत आले आणि १९४३ ते १९४८ तिथे राहिले. बाप्ये सैन्यात किंवा बेपत्ता, त्यामुळे घर म्हणजे आईच. पुढे त्यांतली बरीचशी कुटुंबं ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियाकडे पांगली आणि पोलंडला परत न जाता परदेशात पोलिश घरं मांडून बसली.

अमेरिकेतल्या तिसऱ्या पिढीची भाषा गेली, आडनावांचे उच्चार बदलले. पण आई-आजीविषयी बोलताना ही माणसं कुठे येऊन थांबतात? मांसाशिवायचे बारा पदार्थ, टेबलक्लॉथखाली पसरलेलं गवत, अवचित येणाऱ्यासाठी मांडलेलं एक जास्तीचं ताट, आणि ओप्वातेक पुढे करणारा तिचा हात. ती कोणत्या गावची, कोणत्या जहाजाने आली, हे मुलांना अनेकदा सांगता येत नाही. तुकडा मोडताना ती काय म्हणायची, ते मात्र पोलिश न येणारी नातवंडंही बिनचूक म्हणून दाखवतात. इतिहासाच्या पुस्तकांनी धर्मगुरूंची, पुढाऱ्यांची नावं जपली. या बायकांची आठवण या पापुद्र्याने सांभाळली, आणि मला ती कमी मोलाची वाटत नाही.

आजही तिथल्या पोलिश चर्चमध्ये आगमनकाळात ओप्वातेकची पाकिटं मिळतात. काहींत गुरांसाठीचा एक गुलाबी असतो. गाई राहिल्या नाहीत, म्हणून तो कुत्र्या-मांजरांना देतात. आई गेल्यानंतरच्या पहिल्या नाताळाला ती पाकिटं कुणी आणायची, हे घरात नव्याने ठरवावं लागतं. एखादी मुलगी पुढे होते, दूरच्या भावंडांचे पत्ते शोधते आणि आठवडाभर आधीच लिफाफे टपालात टाकून येते.