सूर्यनमस्कारातील ऊर्जाव्यय

सूर्यनमस्कार घालताना शरीरात खर्च होणाऱ्या ऊर्जेस ही संज्ञा लावतात. ती किलोकॅलरींत (व्यवहारात नुसते ‘कॅलरी’) सांगतात. माणसास उष्णतामापक कोठडीत व्यायाम करावयास लावणे अवघड असल्याने ती बहुधा त्याने वापरलेल्या ऑक्सिजनावरून काढतात. श्रम करताना ऑक्सिजनाचा वापर वाढतो, हे फ्रान्समध्ये लाव्हाझ्ये व सेगँ यांनी १७८९–९० मध्ये दाखविले. सी. जी. डग्लस यांनी १९११ मध्ये उच्छ्वासाची हवा साठविणारी पिशवी प्रचारात आणल्यावर हे मापन प्रयोगशाळेबाहेरही होऊ लागले. एक लिटर ऑक्सिजनामागे सु. ५ कॅलरी, असा त्याचा हिशेब आहे.

महाराष्ट्रात नमस्कारांचे माप मात्र संख्येतच राहिले. नासिकजवळील टाकळी येथे समर्थ रामदास रोज १,२०० नमस्कार घालीत, अशी परंपरा आहे. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांनी संस्थानातील शाळांतून नमस्कार रूढ केले, तेव्हाही गणती आवर्तनांचीच होती.

बी. सिन्हा व सहकारी यांनी २००४ मध्ये भारतीय सेनेतील २१ जवानांवरील मोजणी प्रसिद्ध केली. तीत एका आवर्तनास १३·९१, म्हणजे मिनिटास सरासरी ३·७९ कॅलरी लागल्या. बी. एस. मोदी यांनी २०११ मध्ये भारतीय वंशाच्या सहा व्यक्तींवरून ६० किग्रॅ. वजनाच्या माणसास अर्ध्या तासात २३० कॅलरी, म्हणजे मिनिटास सु. ७·७ कॅलरी, असा आकडा दिला. व्यायाम एकच, दर दुप्पट. याचे मुख्य कारण गती हे दिसते. भागाकार केल्यास जवानांचे एक आवर्तन सु. पावणेचार मिनिटे चालले होते, असे निघते. त्या गतीने टाकळीच्या १,२०० नमस्कारांस तीन दिवसही पुरणार नाहीत.

तरीही ‘एका नमस्कारास १४ कॅलरी’ हे सूत्र लोकप्रिय झाले आणि १०८ नमस्कारांत दीड हजार कॅलरी जळतात, असे सर्रास सांगितले जाते. हा गुणाकार चुकीचा आहे. तेच १०८ नमस्कार पाऊण तासात उरकणाऱ्याच्या, मोदींचा चढा दर धरूनही, सु. ३५० कॅलरीच खर्च होतात. दीड हजारांच्या भरवशावर आहार वाढविणाऱ्या मधुमेही वा स्थूल व्यक्तीस ही तफावत महाग पडते. शिवाय या आकड्यांत विश्रांतीतील ऊर्जाव्ययही अंतर्भूत असतो, ६० किग्रॅ. वजनाच्या माणसाच्या बाबतीत तो मिनिटास सु. १ कॅलरी येतो व स्वस्थ बसूनही तेवढा होतोच.