रोगवारंवारतेचे मापन

एखाद्या लोकसमूहात रोग किती आहे व किती वेगाने पसरतो, हे ठरवण्याची साथरोगशास्त्रातील पद्धत. नुसता रुग्णांचा आकडा पुरत नाही. तो किती लोकांतला आणि किती काळातला, हेही लागते. ठरावीक काळात नव्याने झालेल्या रुग्णांचे, रोग होऊ शकेल अशा लोकसंख्येशी प्रमाण म्हणजे नवरुग्णदर. एखाद्या दिवशी असलेल्या नव्या-जुन्या सर्व रुग्णांचे एकूण लोकसंख्येशी प्रमाण म्हणजे व्याप्ती. रोग विरळ व स्थिरावलेला असेल, तर व्याप्ती साधारणतः नवरुग्णदर गुणिले सरासरी रोगकाल एवढी भरते.

हा गुणाकार विसरल्यास मोठी फसगत होते. कुष्ठरोगात उपचार चालू असलेल्यांचीच गणना व्याप्तीत होते. भारतात १९८३ मध्ये दर दहा हजारी ५७.८ असलेले हे प्रमाण बहुविध औषधोपचारामुळे डिसेंबर २००५ मध्ये एकच्या खाली आले. यश खरेच, पण दरम्यान सांसर्गिक रुग्णांचा उपचार २४ महिन्यांवरून १२ महिन्यांवर आला होता. रुग्णाचे नाव नोंदवहीत निम्माच काळ राहिले, की नवे रुग्ण तितकेच असूनही व्याप्ती घटते. म्हणून संसर्ग चालू आहे का हे पाहण्यासाठी वर्षभरातील नवे रुग्ण आणि त्यांतील मुलांचे प्रमाण स्वतंत्रपणे मोजतात.