महाराष्ट्रातील मानवशास्त्र

मानवाच्या शारीरिक, सामाजिक व सांस्कृतिक अंगांचा तौलनिक अभ्यास करणाऱ्या शास्त्राचा महाराष्ट्रातील विकास. मुंबईत १८८६ मध्ये अँथ्रॉपॉलॉजिकल सोसायटी ऑफ बॉम्बे ही संस्था स्थापन झाली. आरंभीचे लेखन मुख्यतः ब्रिटिश प्रशासकांचे असून जातिजमातींची नोंद व वर्गवारी करणे, हा त्याचा हेतू होता. आर्. ई. एंथोव्हेन यांचा मुंबई इलाख्यातील जातिजमातींवरील त्रिखंडात्मक ग्रंथ (१९२०–२२) याच परंपरेतील होय. १९०१ च्या शिरगणतीचे आयुक्त हर्बर्ट रिझ्ली यांनी तर नाकाच्या मापांवरून जातींची सामाजिक प्रतिष्ठा व वंश यांची सांगड घातली होती.

या मताची मूलगामी चिकित्सा गोविंद सदाशिव घुर्ये (१८९३–१९८३) यांनी केली. त्यांचा जन्म मालवण (सध्याचा सिंधुदुर्ग जिल्हा) येथे झाला. केंब्रिज येथे रिव्हर्स व हॅडन यांच्या मार्गदर्शनाखाली अध्ययन करून ते परतले आणि १९२४ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. कास्ट अँड रेस इन इंडिया (१९३२) या ग्रंथात त्यांनी उपलब्ध मापांची फेरतपासणी केली व उत्तरेकडील हिंदुस्थानाचा प्रदेश वगळता जातींची उतरंड व शरीरमाने यांचा मेळ बसत नाही, असे दाखविले. त्यांच्या विद्यार्थिनी इरावती कर्वे (१९०५–७०) १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये होत्या. त्यांनी शरीरमापनाला आप्तसंबंधांच्या अभ्यासाची जोड दिली. मूळ जात फुटून पोटजाती झाल्या, हे घुर्ये यांचे मत मात्र त्यांनी स्वीकारले नाही.

आदिवासींना वेगळे राखून संरक्षण द्यावे, या व्हेरिअर एल्विन यांच्या विचारास घुर्ये यांनी १९४३ मध्ये विरोध केला. आदिवासींचा शेजारच्या समाजाशी दीर्घकाळ संपर्क असून ते मागासलेले हिंदूच होत, असे त्यांचे प्रतिपादन होते. आदिवासींची स्वतंत्र अस्मिता त्यांनी गौण मानली, असा आक्षेप त्यावर घेतला जातो.

हा वाद आजही केवळ ग्रंथगत नाही. अनुसूचित जमातीच्या दाव्यांची पडताळणी करताना महाराष्ट्रात कागदोपत्री पुराव्यांबरोबर दैवते, विवाहविधी, मृत्युसंस्कार इ. लक्षणेही तपासली जातात. कुडाळ तालुक्यातील पिंगुळीचे ठाकर चित्रकथी व कळसूत्री बाहुल्यांच्या खेळांसाठी प्रसिद्ध आहेत. त्यांचा जीवनक्रम सह्याद्रीच्या डोंगराळ भागात शेती करणाऱ्या ठाकरांहून भिन्न आहे. अशा समूहांना एकच ठरीव लक्षणसूची लावल्यास खरा हक्कदारही वगळला जाण्याचा संभव असतो. स्थलांतर व आधुनिकीकरण यांमुळे जुन्या चालीरीती लोप पावू शकतात, हे लक्षात घेऊन सर्वोच्च न्यायालयाने ठाकूर जमातीविषयीच्या प्रकरणात मार्च २०२३ मध्ये ही कसोटी निर्णायक नसल्याचा निर्णय दिला.

नाकाच्या मापाने समाजाचे स्थान ठरत नाही, हे घुर्ये यांनी दाखविले. रूढींच्या यादीनेही त्याची ओळख कायमची ठरत नाही. समूहांच्या बदलत्या जीवनाचे प्रत्यक्ष क्षेत्राभ्यासावर आधारलेले ज्ञान पुरविणे, हे या शास्त्राचे आजचे प्रमुख प्रयोजन होय.