मिरजेची वाट

बार्शी लाइट रेल्वे या नावाने ओळखली जाणारी अरुंद रुळांची आगगाडी १८९७ साली बार्शीस, १९०६ साली पंढरपुरास आणि सांगोल्याचे माळरान ओलांडून १९२७ साली मिरजेस पोहोचली, तेव्हा सोलापूर जिल्ह्याच्या दुष्काळी मुलखाला एका नामांकित रुग्णालयाच्या दारापर्यंत जाण्याचा लोहमार्ग मिळाला. हे रुग्णालय सरकारी नव्हते. सोलापूर खालसा मुलूख आणि मिरज पटवर्धनांचे संस्थान. म्हणजे मुंबई सरकारची रयत आपल्या जिल्ह्याची सरहद्द ओलांडून, परक्या अंमलातल्या गावी, परक्या धर्माच्या धर्मोपदेशक शल्यविशारदाकडे स्वतःचे शरीर विश्वासाने सोपवीत असे. आपल्या सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात या विश्वासाची नोंद व्हावयास हवी तशी झालेली नाही, असे मला वाटते.

कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वानलेस अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या वतीने हिंदुस्थानात आले आणि १८९४ साली त्यांनी मिरजेत रुग्णालय उघडले. जमीन संस्थानाधिपतींनी दिली. इमारतीस द्रव्य फिलाडेल्फियाच्या जॉन कॉन्व्हर्स या आगगाडीची इंजिने बांधणाऱ्या कारखानदाराने पुरविले. राजसत्तेचा आश्रय, परदेशी धर्मादाय आणि एका माणसाचे हस्तकौशल्य या तिहींच्या संगमावर ती संस्था उभी राहिली. परंतु वानलेस यांची खरी दूरदृष्टी शस्त्रक्रियागृहापेक्षा १८९७ साली त्यांनी काढलेल्या वैद्यकशाळेत दिसते. एका वैद्याचे आयुष्य सरते, त्याने शिकविलेले हात उरतात, हे त्यांनी आरंभीच ओळखले होते. पुढे क्षयरोग्यांसाठी आणि कुष्ठरोग्यांसाठीही तेथे स्वतंत्र संस्था निघाल्या. सुमारे चाळीस वर्षांच्या सेवेनंतर, १९२८ साली, ब्रिटिश बादशहाने वानलेस यांस ‘सर’ हा किताब दिला. किताब दिला, हे उचितच झाले. पण रोग्यांच्या औषधपाण्याचा आणि परिचारिकांच्या वेतनाचा भार किताबाने उचलला जात नाही, आणि तो कोणी उचलावा हाच धर्मसंस्था व सरकार यांच्या संबंधातील चिरंतन प्रश्न आहे.

धर्मभावना आणि सरकारी अधिकार एकत्र येण्याचे उदाहरण आपल्या सोलापूर जिल्ह्यात याहूनही जुने आहे. पंढरपूरचे मुन्सफ लालशंकर उमियाशंकर यांनी १८७५ साली तेथे टाकून दिलेल्या अर्भकांसाठी आश्रम उघडला आणि प्रार्थना समाजाने तो चालविला. कचेरीत न्याय देणाऱ्या अंमलदाराला न्यायासनाबाहेरचे कर्तव्य दिसले, आणि एका धर्मसुधारक समाजाने ते पत्करले.

स्वातंत्र्योत्तर काळात या संबंधाला निराळे रूप आले. १९६२ साली मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा त्याच्या विद्यार्थ्यांनी रोगचिकित्सा शिकावयाची ती मिशनच्या रुग्णालयातील खाटांपाशी, अशी तजवीज झाली. पुढच्याच वर्षी, १९६३ साली, सोलापुरात डॉ. वैशंपायन स्मारक वैद्यकीय महाविद्यालय निघाले. तेथे प्रकार नेमका उलटा होता. मिरजेत महाविद्यालय सरकारचे आणि रुग्णालय धर्मसंस्थेचे. सोलापुरात महाविद्यालय लोकांच्या संस्थेचे आणि रुग्णालय सरकारचे, ज्याला सोलापूरकर आजही नुसते ‘सिव्हिल’ म्हणतात. सोलापूरचे महाविद्यालय १९७४ साली शासनाने आपल्या ताब्यात घेतले. या दोन घटना शेजारी ठेवल्या म्हणजे स्पष्ट दिसते की त्या काळी सरकारजवळ सर्व काही नव्हते, धर्मसंस्थेजवळही नव्हते, आणि दोहोंनी आपली उणीव लपविली नाही. मला तो काळ याच कारणाने थोर वाटतो.

सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्याला लागून असलेल्या जामखेडात १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या दांपत्याने आणखी पुढची पायरी गाठली. वडाळा येथील मिशन रुग्णालयात काम करताना त्यांनी पाहिले होते की बरा होऊन गेलेला रोगी त्याच दूषित पाण्यामुळे पुन्हा दाराशी येतो. म्हणून त्यांनी गावातल्याच, बहुधा निरक्षर, स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. जिनिव्हातील ख्रिस्ती वैद्यकीय आयोगाला आणि जागतिक आरोग्य संघटनेला त्यांचा प्रयोग मोलाचा वाटला. १९७५ साली त्या संघटनेने प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात जामखेडवर प्रकरण आले, आणि १९७८ च्या अल्मा-आटा परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवेचा जो पुरस्कार केला, त्यामागे अशा प्रयोगांचा अनुभव होता. आज गावोगावी ‘आशा’ म्हणून वावरणाऱ्या सेविकेच्या वंशावळीत जामखेडच्या त्या बायकांचे नाव मानाने घेतले पाहिजे.

अन्य देशांनी सरकार आणि धर्मसंस्था यांच्यातला हा व्यवहार अधिक रोखठोक केला. टांझानियात जेथे सरकारचे जिल्हा रुग्णालय नाही तेथे चर्चचे रुग्णालयच जिल्हा रुग्णालय म्हणून मुक्रर होते, आणि त्याच्या खर्चाचा भाग सरकार करारान्वये उचलते. आपल्याकडे मार्ग निराळा निघाला. २०१२ साली राज्य शासनाने राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना प्रथम आठ जिल्ह्यांत आरंभिली, त्यांत सोलापूर होते. तीच पुढे महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालू राहिली. तीत खासगी वा धर्मादाय रुग्णालयात उपचार घेणाऱ्या गरीब रोग्याचा ठरीव खर्च शासन देते. शिवाय सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालील योजनेनुसार मोठ्या धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने ठेवणे बंधनकारक आहे.

हा हक्क कायद्याच्या पुस्तकात आहे, परंतु अक्कलकोट-मंगळवेढ्याकडून आलेल्या शेतमजुराला तो ठाऊक असतोच असे नाही. ज्यांना अर्ज लिहिता येतो, त्यांनी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसील कचेरीत अशा माणसाबरोबर जावे, आणि रुग्णालयाच्या दप्तरात धर्मादाय खाटेची मागणी लेखी करून तिची पोच घ्यावी.